खिडकीकडची अर्धी फरशी

पदनाम: सभागृह परिचर. वय: चोपन्न वर्षे. बांधा: मध्यम. ओळखीची खूण: उजव्या गुडघ्यावर घट्टा (सेवेत रुजू होताना नव्हता). शिक्षण: सातवी उत्तीर्ण. खेळ व नृत्य यांविषयीचे ज्ञान: नाही. विशेष कौशल्य: नाही. अवलंबून व्यक्ती: एक (पत्नी). वर्तणूक: समाधानकारक, मात्र पादत्राणांच्या बाबतीत अतिरेकी.

शेवटचा शेरा ज्या अधिकाऱ्याने लिहिला, त्याला या परिचराने उद्घाटनाच्या दिवशीच दारात अडवलं होतं. अधिकारी नव्या बुटांत होता आणि मागे हार घेतलेली माणसं होती. परिचर म्हणाला, "बूट काढा." अधिकारी म्हणाला, "मी उद्घाटक आहे." परिचर म्हणाला, "असाल. बूट काढा." अधिकाऱ्याच्या उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. उद्घाटनाच्या फोटोत तो डावा पाय पुढे करून उभा आहे.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून मुलं परिचराला 'बूटकाढे' म्हणतात. दोन नवीन मुलांना ते आडनावच वाटलं आणि त्यांनी वार्षिक कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'श्री. बूटकाढे यांस' असं लिहून दिलं. ती पत्रिका परिचराच्या खोलीत मॉपच्या कपाटावर चिकटवलेली आहे. तोंडावर मात्र सगळे त्यांना मामा म्हणतात. मामींचं यावर एक ठरलेलं वाक्य होतं: "एवढे ढीगभर भाचे, आणि एकाला घराचा पत्ता ठाऊक नाही."

सभागृहाच्या दारावर पाटी आहे: 'तरुणांच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्यासाठी खेळ व नृत्य उपक्रम'. रंगाऱ्याने सुरुवात ऐसपैस केली, त्यामुळे 'नृत्य उपक्रम' हे शब्द कोपऱ्यात अंग चोरून बसले आहेत. सोमवार, बुधवार, गुरुवार व्हॉलीबॉल. मंगळवार, शुक्रवार नृत्य. दोन्ही संध्याकाळी पाच ते सात. स्वास्थ्याशी मामांचा थेट संबंध नव्हता. त्यांचा संबंध त्याच्या खालच्या भागाशी, म्हणजे लाकडी फरशीशी होता. सकाळी रुंद मॉपने कोरडी धूळ ओढायची. नजर चुकवून आत आलेल्या बुटांच्या रबराचे काळे ओरखडे काठीच्या टोकाला खोचलेल्या टेनिसच्या चेंडूने घासून काढायचे; ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती आणि त्यांनीही कुणाला शिकवली नाही. घामाचे थेंब सुकायच्या आत टिपायचे. फळी वाजली की ती कुठली हे त्यांना खोलीत बसून कळायचं. कुणाचा पाय पडला हेही कळायचं. "तो लंगडतोय आज," ते चहा ओतता ओतता म्हणायचे, आणि व्हॉलीबॉलचे सर आत जाऊन बघायचे तर खरंच एकाचा घोटा सुजलेला असायचा. विशेष कौशल्याच्या रकान्यात हे बसत नाही.

मामांची सख्खी भाची मार्चमध्ये आली, एक बॅग आणि पळायचे बूट घेऊन. बूट बॅगेच्या तळाशी होते आणि तिथेच राहिले.

ती सोळा वर्षांची. शाळेच्या रिले संघात तिसरी पळायची. अंतिम फेरीत दुसरीच्या हातातून बॅटनची दांडी घेताना ती भाचीच्या हातून सुटली. असं मोठमोठ्यांच्या शर्यतींतही होतं. पण शाळेचे क्रीडाशिक्षक निवेदकाच्या शेजारी उभे होते आणि माइक बंद करायचं राहून गेलं होतं. "जिला एक दांडी धरता येत नाही, ती काय पळणार!" असं ते शेजाऱ्याला म्हणाले आणि अख्ख्या मैदानाने ऐकलं. नंतर त्यांनी माइक बंद केला. भाचीने पळणं बंद केलं, मग शाळेत जाणं, मग जेवायला सगळ्यांबरोबर बसणं. बोलणं तिने बंद केलं नाही. फक्त 'हो', 'नको' आणि 'काही नाही' एवढ्यावर आणलं.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि तिच्या आईला सांगितलं, "गोळी देण्यासारखं काही नाही. जागा बदला. अंग हलू द्या. आणि एक करा, काही दिवस तिला कुणी काही शिकवू नका."

शेवटची अट ऐकून आईला आपला थोरला भाऊ आठवला. मामांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं.

"दादा, चार महिने ठेव तुझ्याकडे," बहीण म्हणाली. "फरक पडला नाही तर मग बघावं लागेल. मोठ्या दवाखान्यात ठेवून घेतात म्हणे अशा मुलांना."

"बघू," मामा म्हणाले. हा त्यांचा सर्वसाधारण अभिप्राय होता.

त्यानंतर दर रविवारी बहिणीचा फोन यायचा. ख्यालीखुशाली नाही, हवापाणी नाही, एकच प्रश्न: "फरक?" मामा म्हणायचे, "बघू." मग फोन मामींकडे जायचा आणि खरी बातमी तिकडून मिळायची. मामींचं माप साधं होतं. ताट अर्धं परत येतं की नाही. येत होतं.

घरात बसून ती भिंतीचा रंग खरवडते, असं मामींच्या लक्षात आलं. "अहो, घेऊन जा तिला बरोबर. तुमच्या त्या फरशीला तरी कुणीतरी लागतंच. इथे माझी भिंत चालली."

अशी ती सभागृहात आली. मामांनी तिला चपला काढायला सांगितलं, मॉप हातात दिला आणि काही शिकवलं नाही. तिने मॉप उलटा धरला. मामा बघत राहिले. थोड्या वेळाने तिने तो सुलटा केला. डॉक्टरांची अट पाळणं त्यांना अजिबात जड गेलं नाही.

नृत्याच्या वर्गाला ती दाराजवळच्या बाकावर बसायची. वर्ग घेणाऱ्या ताई उंच, बारीक आणि चष्म्याला दोरी बांधणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मामांना विचारलं, "ही कोण?"

"भाची."

"म्हणजे आमच्यासारखीच?"

"नाही, खरी."

"नाचणार का?"

"तिला काही शिकवायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

ताई हसल्या. "बरं झालं. एकतीस जणांना शिकवतेय, त्यातल्या वीस जणांचा डावा पाय अजून सापडलेला नाही." त्यांनी मुलीला पुन्हा कधी विचारलं नाही. 'ये', 'बस', 'बघ', यातलं एकही नाही.

मेच्या सुरुवातीला फरशीने तक्रार सुरू केली.

दुपारी बारा ते तीन सभागृह बंद असतं. मामा आपल्या खोलीत खुर्चीवर बसून, पोटावर हात ठेवून झोपतात. भाची खिडकीपाशी वाचत बसते, अशी त्यांची समजूत होती. झोपेत त्यांना फळ्या वाजलेल्या ऐकू येऊ लागल्या. टक, टक, टक, मग थोडं थांबून टक. बुटांचा आवाज नव्हता. बुटांचा असता तर ते मेलेले असते तरी उठले असते. हा मऊ, पोकळ आवाज होता, खिडकीकडच्या बाजूने. लाकूड उन्हाने फुगतं आणि वाजतं, हे मामांना माहीत होतं. ते इतक्या ठेक्यात वाजतं, हे माहीत नव्हतं. त्यांनी तक्रारवहीत लिहिलं: 'खिडकीकडील फळ्या दुपारी आवाज करतात. सुतार पाठवावा.'

सुतार आला, हेच मुळात नवल. त्याने गुडघ्यावर बसून पंचवीस फळ्या ठोकल्या, दोन ठिकाणी कान लावला आणि उठला.

"मामा, लाकूड ठणठणीत आहे."

"दुपारी वाजतं."

"दुपारीच आलोय की. वाजतंय का?"

"आत्ता नाही वाजत."

"मग कान दाखवून घ्या." सुताराने हत्यारं गोळा केली आणि जाता जाता भाचीकडे बघून म्हणाला, "पोरी, तुला येतो का गं आवाज?"

"नाही," भाची म्हणाली. तिच्या नेहमीच्या तीन उत्तरांत हे नव्हतं. मामांच्या ते ध्यानात आलं नाही. ते सुताराच्या पिशवीतून सांडलेला भुसा बघत होते.

जूनच्या अखेरीस कार्यालयाचं पत्र आलं. सभागृहाची पाहणी मंगळवारी सकाळी अकरा वाजता. उपक्रम उपयुक्त आढळल्यास पुढे चालू ठेवण्यात येईल. अन्यथा जागा कार्यालयाच्या जुन्या फायली ठेवण्यासाठी वापरण्यात येईल. फरशी चकचकीत असावी.

ताईंनी पत्र दोनदा वाचलं. "फायली?"

"कपाटांचे पाय रुततात लाकडात," मामा म्हणाले. त्यांना एवढंच दिसत होतं.

बहिणीची चार महिन्यांची मुदतही त्याच आठवड्यात संपत होती. ती पुढच्या रविवारी येणार होती.

मामांनी बावीस वर्षांत पाच पाहण्या पाहिल्या होत्या. साहेब येतात, आग विझवायची नळकांडी मोजतात, स्वच्छतागृहात डोकावतात, चहा घेतात, जातात. मुलं कुठे आहेत असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा मामांनी विचार केला की ज्या फरशीवर खेळायचं, तिला मेण लावणं हा गुन्हा. पण ज्या फरशीकडे नुसतं बघायचं, तिला लावायला काय हरकत आहे? उद्घाटनाच्या वेळी मिळालेला मेणाचा डबा त्यांनी तोवर फक्त बाकांना वापरला होता. तो त्यांनी काढला. पाहणी झाली की दोन दिवसांत घासून उतरवायचं, असा हिशोब.

सोमवारी सभागृह बंद ठेवलं. व्हॉलीबॉलच्या जाळ्याखालच्या रेघेने फरशीचे दोन भाग केले. दाराकडचा अर्धा मामांनी घेतला. "खिडकीकडचं तू कर," त्यांनी भाचीला सांगितलं आणि डबा मधोमध ठेवला. स्वतःचा अर्धा भाग त्यांनी गुडघ्यावर बसून असा केला की संध्याकाळी त्यात छताचे दिवे मोजता यावेत. मग ते स्वच्छतागृहाकडे वळले, कारण साहेब लोकांचा जीव तिथेच असतो.

मंगळवारी सकाळी उन्हात दोन्ही भाग शेजारी शेजारी दिसले. एक आरसा आणि एक नुसतं स्वच्छ लाकूड. मामांनी ते पाहिलं. अर्धं ताट जेवणाऱ्या पोरीच्या हातात जोर कुठून येणार, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते गप्प बसले. फरशीच्या बाबतीत ते गप्प बसल्याची ही पहिलीच नोंद.

साहेब अकराला आले, बरोबर टिपणं घेणारा कारकून. ताईंनी दोन्ही वर्गांची मुलं स्वागताला ओसरीवर रांगेत उभी केली होती. "बूट काढा," मामा म्हणाले. साहेबांनी काढले, कारकुनानेही. नळकांडी मोजून झाली. स्वच्छतागृह झालं. मामांनी चहा सांगायला पाय उचलला, तेवढ्यात साहेब म्हणाले, "आता मुलांना खेळू द्या."

मामांचा पाय हवेत राहिला.

"खेळू?"

"मग? रांगेत उभं राहून स्वास्थ्य कळत नाही."

व्हॉलीबॉलची मुलं आत आली. सरांनी शिट्टी वाजवली. पहिला मुलगा उडी मारून खाली आला तो बसल्या जागी दोन हात पुढे गेला. दुसरा त्याला उचलायला धावला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. तिसऱ्याने शहाणपणाने खांब धरला.

"अरे, पोहताय का?" सर ओरडले.

साहेब स्वतः बघायला पुढे झाले. मोज्यांनिशी. दोन फळ्या ते चालले आणि तीन फळ्या न चालताच पुढे गेले. कारकुनाने त्यांना कोपराला धरून थांबवलं.

"लिहा," साहेब सावरत म्हणाले. "फरशी खेळण्यास अयोग्य. मुलांच्या सुरक्षिततेस धोका..."

मामांनी तोंड उघडलं. काय सांगणार? की फरशी उत्तम आहे, फक्त मी तिला छान केली? ताई चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. रांगेतल्या एकाने दुसऱ्याला हळूच विचारलं, "म्हणजे आता बंद?"

"तिकडे मेण नाही."

आवाज मामांच्या खोलीच्या दारातून आला होता. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. भाचीने मॉप दोन्ही हातांनी धरला होता, सुलटा.

"काय म्हणालीस?" साहेबांनी विचारलं.

"खिडकीकडे मेण नाही. मी लावलंच नाही तिकडे."

"लावलं नाहीस?" मामा म्हणाले. "मला वाटलं, हात हलका पडला."

"नाही मामा. डबा उघडलाच नाही मी."

"का गं?"

"घसरायला झालं असतं."

"कुणाला?"

कारकुनाने पेनचं टोपण लावलं.

"मला," ती म्हणाली.

मामांना काही कळलं नाही. ताईंना कळलं, पण त्या डॉक्टरांच्या अटीला जागल्या. 'नाच' म्हणाल्या नाहीत. "मेण नेमकं कुठवर आहे ते चालून दाखव," त्या म्हणाल्या. "बाकीचे तुझ्यामागून येतील. सगळ्यांनी मोजेसुद्धा काढा रे."

भाचीने मॉप भिंतीला टेकवला. जाळ्याच्या रेघेशी आली. अनवाणी पाय तिने रेघेच्या खिडकीकडच्या बाजूला ठेवला, मग दुसरा. चार पावलं ती नुसती चालली. पाचव्या पावलाला पायांनीच ठरवल्यासारखं झालं. टक, टक, टक. थोडं थांबून टक.

मामांनी मान तिरकी केली. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तक्रारवहीत होता.

सुताराला उगाच बोलावलं होतं.

तिच्यामागे नृत्याच्या वर्गाची एकतीस मुलं अर्ध्या फरशीवर आली. दाटीवाटी झाली, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत गेलं, "ए, नीट!" असं दोघी-तिघी एकदम म्हणाल्या. त्या नाचात शेवटी एक ओळ लागते आणि टाळी एकीकडून दुसरीकडे द्यायची असते, तळव्याला तळवा लावून, ठेका न चुकवता. भाची ओळीत तिसरी आली. हे ठरवून झालं नव्हतं. दुसरीने हात पुढे केला. भाचीचा हात क्षणभर कमरेशीच राहिला. ठेका अर्धा पडला. मग तळवा वाजला, आणि तिने वळून तो चौथीला दिला. हातातून निसटण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी दाराजवळ उभे असलेले मामा ती टाळी शेवटपर्यंत पोचेस्तोवर खांब धरून होते.

"बरं आहे," साहेब म्हणाले आणि बूट घालायला बाहेर गेले.

अहवाल गुरुवारी आला. उपक्रम: चालू ठेवण्यास हरकत नाही. नृत्याचे लाभार्थी उपस्थित: एकतीस (यादीप्रमाणे). फरशी: दाराकडील भाग चकचकीत परंतु निसरडा, खिडकीकडील भाग दुर्लक्षित, परिचरास समज देण्यात यावी. मानसिक स्वास्थ्यावरील परिणाम: प्रश्नावली प्राप्त झाल्यावर निश्चित करण्यात येईल.

समज लेखी आली. मामांनी ती वाचली, सही केली आणि मेण उतरवायला बसले. गरम पाणी, जुनी फडकी, पुन्हा गुडघ्यावर. भाची समोरून घासत येत होती.

"दुपारी नाचायचीस, तर सांगायचं नाहीस?" मामा फडकं पिळत म्हणाले. "मी सुतार बोलावला."

"तू झोपलेला असायचास."

"झोपलेला होतो, पण ऐकत होतो ना."

"मग ओळखायचंस," ती म्हणाली. "सगळ्यांचे पाय ओळखतोस म्हणे."

तिचा पाय त्यांनी आजवर ऐकलाच नव्हता. त्यांच्यासमोर ती चालायची तेव्हा पाय वाजायचे नाहीत.

रविवारी बहीण आली. दारातच, पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने विचारलं, "फरक?"

मामा बघू म्हणणार होते. पण आतून मामींनी हाक मारली, "वन्सं, आधी आत तर या. आणि अहो, तुम्ही पानावर बसून घ्या, नाहीतर उरायचं नाही काही."

प्रश्नावली अजून आलेली नाही. भाचीने त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.